कांदळवन लागवडीसाठी तरुण स्वयंसेवक टिकवावेत कसे?

खाडीकिनारी कांदळवन (खारफुटीचे जंगल) लावण्यासाठी महाविद्यालयीन मुले पहिल्या दिवशी उत्साहाने येतात, पण नंतर फिरकत नाहीत, त्यांना टिकवावे कसे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यात मुलांचा दोष कमी आणि आखणीचा अधिक असतो, कारण लागवडीचा दिवस (आणि त्या दिवसाची छायाचित्रे!) हेच कार्यक्रमाचे टोक मानले जाते.

त्याऐवजी काम झाडाच्या ऋतुचक्राला बांधावे. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि पावसाळ्यात लांब शेंगेसारखे होऊन गळते. ते गोळा करणे, ओहोटीच्या वेळेनुसार चिखलात खोचणे, पुढे महिन्याकाठी जगलेली रोपे मोजणे आणि अडकलेले प्लास्टिक काढणे, अशी कामे वर्षभर पुरतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दरवर्षी १२० तास अपेक्षित असतात, ते या निगराणीत सहज बसतात. प्रत्येक गटाला किनाऱ्याचा ठरावीक तुकडा आणि नोंदवही द्यावी. मेलेल्या रोपांचीही नोंद प्रामाणिकपणे ठेवू द्यावी, कारण रोपे का मेली हे शोधण्यातच मुले खरी गुंततात.

जागा निवडताना गावातील मच्छीमारांना बरोबर घ्यावे आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आधी विचारावे. पक्षी चरतात तो उघडा चिखल किंवा कासवांच्या विणीची पुळण लागवडीने झाकू नये. पुळणीवर मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) आहे तशी राखणे, हेच पुरेसे काम आहे.