दिवसभर मॅक्सीत असते, म्हणून मन लागत नाही का?

"घरातच तर असते, कपडे बदलून कुणाला दाखवायचेत? पण दुपारी आरशात बघितलं की स्वतःचाच राग येतो." आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, साताऱ्यात गोडोलीकडे राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका ताईंचं हे बोलणं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. धाकट्याच्या जन्मानंतर शाळेतली नोकरी सोडली, तो आता अडीच वर्षांचा आहे. रात्रीची मॅक्सी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगावर. बेल वाजली की वरून ओढणी, नाहीतर थोरलीला दार उघडायला पाठवायचं. त्यांचा प्रश्न सरळ होता: मी आळशी झालेय का, आणि नीट कपडे घातले तर बरं वाटेल का?

कपड्यांकडे वळण्याआधी थकव्याचं कारण बघावं लागतं. त्यांना थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून यायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्यायची. ताईंचे गुण ८ होते, म्हणजे सौम्य.

मग आठवडाभर एका वहीत नोंद ठेवायला दिली. सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता तीनच गोष्टी लिहायच्या: अंगावर काय आहे, काय करतेय, आणि उत्साह १० पैकी किती. वहीतून जे दिसलं ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. मॅक्सीमुळे मन खाली जातं असं थेट कुठेच नव्हतं. पण शेजारीण साताऱ्यातल्या 'चार भिंती' या ठिकाणाकडे फिरायला बोलवायला आली, तर "आता कुठे बदलू" म्हणून नकार. भाजी यजमानांना सांगितली. मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल उचलला नाही. दिवसात असे तीन-चार नकार साठत होते, आणि ज्या दिवशी ते जास्त, त्या दिवशी संध्याकाळचा आकडा सर्वांत खाली. कपड्यांनी बाहेरचा रस्ता अडवला होता, आणि रस्ता अडला म्हणून मन खचत होतं. यात आळस कुठेच नाही.

'पिवळा घाला, आनंदी व्हा' असले सल्ले म्हणूनच पुरत नाहीत. कपडे आणि मन यांच्यावर ॲडम आणि गॅलिन्स्की यांचा २०१२ चा प्रयोग नेहमी सांगितला जातो: डॉक्टरांचा कोट म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लक्ष जास्त लागलं, तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला तेव्हा तसं झालं नाही. त्यातला एक प्रयोग २०१९ मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. निव्वळ कपड्यावर फार भिस्त ठेवू नये. 'बरं वाटलं की करेन' असं न थांबता छोटी कृती आधी करायची ही उदासीनतेवरची पद्धत मात्र चांगली पारखलेली आहे, आणि कपडे बदलणं ही त्यातली सर्वांत सोपी कृती.

ताईंची खरी अडचण कपाटात होती. वरचे दोन कप्पे बाळंतपणाआधीच्या मापाचे, 'बारीक झाले की घालीन' म्हणून ठेवलेले. कपाट उघडलं की रोज सकाळी वाढलेल्या वजनाची आठवण, म्हणून कपाटच उघडायचं नाही. ते कपडे गाठोडं बांधून माळ्यावर टाकायला लावले. उरलेले प्रत्येक घालून पाहायचे: जमिनीवर पाच मिनिटं मांडी घाला, वाका, दोन्ही हात वर करा. नाडी किंवा इलास्टिक सैल करावंसं वाटलं की तो कपडा बाजूला. दोन कुर्ते आणि एक ब्लाउज शिंप्याकडे गेले. शिवणीत आत माया (जादा कापड) असेल तर बाजू उसवून माप वाढतं, नव्या खरेदीची गरज पडत नाही. आतले कपडे मात्र आजच्या मापाचे नवेच घ्यावेत. पट्टा दिवसभर काचत असेल तर वरचा कुर्ता कितीही छान असो, चिडचिड होतेच.

रोजच्यासाठी तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. साताऱ्याच्या पावसात चौथा लागतो, आणि पातळ सुती कापड घ्यावं, कारण जाड कपडे दोन दिवस वाळत नाहीत. दमट घातले तर वास येतो, गजकर्णाचीही भीती. जोड रात्रीच काढून ठेवायचा. सकाळी चहानंतर, मोबाइल हातात घेण्याआधी बदलायचं, आणि लगेच दहा मिनिटं बाहेर: दूध, भाजी, नुसती कोपऱ्यापर्यंत फेरी. हा दुसरा भाग गाळला की फरक जाणवत नाही. बदलून पुन्हा सोफ्यावर बसलं तर तो कपडाही चार दिवसांत मॅक्सीसारखाच होतो. मॅक्सी रात्री नऊनंतर खुशाल घालावी, वाईट ती नाहीच.

चौथ्या दिवशी गाडं अडलं. सासूबाई सहज म्हणाल्या, "आज कुठं निघालीस गं?" आणि ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅक्सीत. असं बहुतेक घरांत होतं, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवावं. "आई, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून सकाळीच आवरते" एवढं पुरलं. कौतुकही नको, टोमणाही नको.

सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण ४ आले. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, अंघोळसुद्धा नकोशी झाली असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर कपड्यांचे प्रयोग करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.