पुट्टी केल्यावर प्रायमर लागतो का? नव्या घराला आतून-बाहेरून कोणता रंग घ्यावा?

वसमतजवळ तुमचं नवं घर झालंय, गिलावा होऊन महिना होत आलाय, दिवाळीच्या आत वास्तुशांती उरकायची आहे आणि पेंटर म्हणतोय, “मालक, पुट्टी केल्यावर प्रायमर कशाला? त्याच पैशात वरचा रंग भारी घ्या.” असं तुम्ही लिहिलंय.

पेंटर अर्धं खरं बोलतोय. (पुट्टी म्हणजे गिलावा गुळगुळीत करणारा लेप, प्रायमर म्हणजे रंगाला पकड देणारा आधीचा हात.) परभणीत माझं चौदा वर्षांपासून रंगाचं दुकान आहे आणि हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल तर पुट्टीच्या खाली प्रायमर नको. भिंत पाण्यानं नुसती ओलसर करायची आणि पुट्टी ओढायची. पुट्टीच्या वर मात्र प्रायमर हवाच. खात्री करायची असेल तर पुट्टी वाळून पॉलिश पेपर मारून झाला की भिंतीवरून तळहात फिरवा. पीठ चाळल्यासारखा हात पांढरा होतो. प्रायमर न मारता रंग दिला तर तो त्या पिठाला धरतो, भिंतीला नाही. शिवाय कोरडी पुट्टी रंगातलं पाणी शोषून घेते, म्हणून दोन हातांत झाकणारा रंग तीन हात मागतो. म्हणजे वाचलेले पैसे तिथंच गेले. (बादलीतली तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर हिशोब वेगळा: आधी प्रायमर, मग पुट्टी, मग परत प्रायमर. ती बाहेरच्या भिंतीला लावू देऊ नका.)

पण तुमच्या बाबतीत मला प्रायमरपेक्षा त्या “महिना होत आलाय”ची काळजी वाटते. ताज्या सिमेंटात क्षार जबर असतो. गिलाव्याला निदान 28 दिवस द्या असं सगळे सांगतात, तेही पाणी मारणं बंद झाल्यावर भिंत खडखडीत वाळत असेल तर. पावसाळ्यात वाळत नाही. त्यात आपल्याकडं पाणी मारतात बोरचं, आणि ते किती खारट असतं ते तुमच्या गिझरच्या कॉइलला विचारा. भिंतीनं प्यायलेलं पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं.

हे मी स्वतःच्या घरावर शिकलो. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून दुकानदार असूनही तिसऱ्याच आठवड्यात रंग मारून घेतला, दुकानातला सगळ्यात महागडा. पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा फुगला. नखानं उचललं तर पापडाएवढा पोपडा हातात आला: वर सुंदर बदामी रंग, खाली पुट्टी आणि मागच्या बाजूला कापसासारखी पांढरी लव. जिभेला लावून पाहिली, खारट. बायको अजून पाहुण्यांना ती भिंत दाखवते.

म्हणून आधी एक करा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, खालच्या बाजूला एक आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला एक. दुसऱ्या दिवशी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंतीवर काळपट डाग आला तर थांबा. वास्तुशांती चुन्याच्या एका हातावर होते, देवाची काही हरकत नसते. रंगकाम दिवाळीनंतर काढा. आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगाचा खरा हंगाम. आणि पुट्टी कालवायला पिण्याच्या जारचं पाणी वापरा. हसू नका, वापरा.

आता आतला रंग. छताला भारी इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) म्हणजे पैसे उधळणं, तिथं साधं चालतं. हात लागतो तिथं, म्हणजे हॉल, जिना, पोरांची खोली, धुता येईल असं मधल्या दर्जाचं इमल्शन घ्या. प्रायमर पाण्याचा घ्या आणि पेंटर त्यात किती पाणी घालतो ते उभं राहून बघा. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं. मी प्रायमरचं ताक झालेलं पाहिलंय. खालच्या चार फुटांना ऑइल पेंटचा पट्टा मारायची आपल्याकडची जुनी सवय नव्या गिलाव्यावर मोडाच. सिमेंटचा क्षार आणि रंगातलं तेल मिळून अक्षरशः साबण होतो, मग पट्टा चिकट होऊन सुटतो.

बाहेरचा मामला वेगळा. कोकणातला माणूस शेवाळाला भितो, आपला शत्रू ऊन. बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच प्रायमर आणि बाहेरचंच ॲक्रिलिक इमल्शन. आतलं उरलंय म्हणून बाहेर ढकलू नका. पैसा कुठं सोडायचा असेल तर तो इथं, त्यातही पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर. दुकानातल्या शेड कार्डावर खुलून दिसणारा जांभळा, राणी, भडक पिवळा उन्हात लवकर मरतो. मातकट, गेरूच्या जातीचे रंग लोहाच्या ऑक्साईडचे असतात, ते टिकतात. आपले आजोबा गेरूच फासायचे, त्यांना कार्ड लागलं नाही. तापलेल्या भिंतीवर रोलर फिरवू नका, पाणी लगेच उडतं आणि पट्टे दिसतात. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर.

भेगा पडल्या असतील तर पेन्सिलीनं भेगेच्या टोकाला खूण करून तारीख लिहा. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा भरून त्यावर लवचिक रंग चालतो. पण उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग काळ्या मातीची आहे, पाया हलतोय. ती कोणत्याच बादलीनं बुजत नाही. तिथं इंजिनिअर बोलवा, पेंटर नको.

ग्रिल-गेट फॅब्रिकेटरकडून रेड ऑक्साईड (लोखंडाचा तांबडा प्रायमर) लावून येतं, पण ते बहुधा नावापुरतं. घासून परत एक हात द्या, मग इनॅमल, म्हणजे चकचकीत ऑइल पेंट. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर चालत नाही; डब्यावर तशी नोंद बघा. त्याआधीचा ऑइल पेंट खरडायचा असेल तर पाणी मारून ओलाच घासा आणि लेकरं लांब ठेवा.

कंपनीचं विचाराल तर एशियन, बर्जर, नेरोलॅक, कोणतीही घ्या. एका भिंतीला लागणाऱ्या सगळ्या डब्यांचा बॅच नंबर एकच असू द्या आणि झाकण तुमच्या समोर उघडू द्या. काही डब्यांत पेंटरसाठी टोकन, म्हणजे बक्षिसाचं कूपन, असतं. ते त्यालाच घेऊ द्या, त्याचा हक्क आहे. फक्त टोकनासाठी तो कोणता डबा सुचवतोय तेवढं ओळखा.

कागद लावून बघा आणि खाली कमेंटमध्ये कळवा काय दिसलं ते. बाथरूममागच्या भिंतीचा फोटो टाकला तर जास्त बरं.