फायटिंग गेममधले 99 सेकंद घड्याळातल्या 99 सेकंदांएवढे का नसतात?

‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये 99 पासून उतरत जाणारा आकडा मोबाइलच्या स्टॉपवॉचच्या बराच आधी शून्यावर येतो, ही गेममधली चूक आहे का, असे आपण विचारले आहे. ही चूक नाही. पडद्यावरचा आकडा सेकंद दाखवत नाही. गेमने स्वतःपुरते ठरवलेले एक माप तो दाखवतो, आणि ते माप फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांवर, आधारलेले असते.

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम या गतीने चालतात. प्रत्येक फ्रेमला गेम दोन्ही खेळाडूंची बटणे वाचतो, पात्रे हलवतो, फटका लागला की नाही ते तपासतो आणि त्याबरोबरच, आपल्याला न दिसणाऱ्या एका काउंटरमधून एक वजा करतो. हा काउंटर रिकामा झाला की पडद्यावरचा आकडा एकने उतरतो आणि काउंटर पुन्हा भरला जातो. तो कितीने भरायचा हे निर्माते ठरवतात. 60 ने भरला तर आकडा सेकंदाशी जुळतो. 40 ने भरला तर 99 आकडे 3,960 फ्रेममध्ये, म्हणजे 66 सेकंदांत संपतात. 99 हीच संख्या सोयीची ठरते, कारण दोन अंकांच्या जागेत त्याहून मोठी संख्या मावत नाही.

मग खरे घड्याळच का वापरू नये? मी शिकत असताना एक छोटा फायटिंग गेम लिहिला होता आणि त्यात वेळ थेट संगणकाच्या घड्याळावरून घेतली होती. संगणक मंदावला की पात्रे रेंगाळत, पण वेळ मात्र पूर्ण वेगाने पळत असे. शिवाय त्याच बटणांची नोंद पुन्हा चालवून पाहिली, तर कधी फेरी आधीच संपलेली असे. वेळ फ्रेममध्ये मोजू लागल्यावर दोन्ही अडचणी मिटल्या, कारण आता गेम थबकला की वेळही त्याच्याबरोबर थबकत होती.

ऑनलाइन सामन्यात तर याला पर्यायच नाही. रोलबॅक पद्धतीत प्रतिस्पर्ध्याची चाल उशिरा पोहोचली, तर गेम काही फ्रेम मागे जाऊन तेवढा भाग नव्याने चालवतो. त्या वेळी पात्रांची जागा आणि हेल्थ (फटके खाऊन कमी होत जाणारी ताकद) यांच्याबरोबर टाइमरही मागे जावा लागतो, नाहीतर दोन खेळाडूंच्या पडद्यांवर एकच फेरी वेगवेगळ्या क्षणी संपेल.

सुपर मूव्हचे, म्हणजे पात्राच्या खास जोरदार हल्ल्याचे, दृश्य चालू असताना अनेक गेममध्ये टाइमर थांबवलेला असतो आणि हे मला योग्य वाटते, कारण ज्या काळात कोणालाच काही करता येत नाही, तो काळ कोणाच्याही खात्यातून जाऊ नये. शेवटचा क्षण अधिक नाजूक असतो. टाइमर शून्यावर आला त्याच फ्रेमला ठोसाही लागला, तर आधी काय तपासायचे, यावर विजेता बदलू शकतो. म्हणून हा क्रम निर्मात्यांनी ठरवूनच ठेवावा लागतो. वेळ संपल्यावर सहसा ज्याची हेल्थ जास्त, तो जिंकतो. त्यामुळे आघाडी घेतलेला खेळाडू अंतर राखून वेळ काढू लागतो. काहींना हा भित्रेपणा वाटतो, पण मला त्यात खरे कसब दिसते, कारण चवताळलेल्या प्रतिस्पर्ध्याला वीस-तीस आकडे उतरेपर्यंत दूर ठेवणे सोपे नसते.

आपल्याला स्वतः पडताळायचे असेल, तर सामना 60 फ्रेमच्या गतीने रेकॉर्ड करून व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवावा आणि एक आकडा बदलल्यापासून पुढचा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. मात्र मोजणीच्या मध्ये सुपर मूव्ह येणार नाही असा भाग निवडावा.