परमिट रूममधला धूर कोणाच्या मर्जीचा?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझी 28 खुर्च्यांची वातानुकूलित परमिट रूम आहे. येथे येणारा माणूस सज्ञान असतो, आपल्या पायांनी येतो, आणि धूर सहन होत नसेल तर त्याला दुसऱ्या परमिट रूमची वाट मोकळी आहे. असे असताना आत सिगारेट ओढू द्यावी की नाही, हे मालकाने ठरवायचे की सरकारने? मोठा एग्झॉस्ट पंखा बसवण्याची माझी तयारी आहे. (एक परमिट रूमचालक, सांगली जिल्हा)

उत्तर : कोणी ठरवायचे असे आपण विचारता, पण ते 2003 च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांच्या कायद्याने केव्हाच ठरवून टाकले आहे. त्याच्या कलम 4 ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी पब आणि बार यांचा त्यात स्पष्ट शब्दांत समावेश केला. धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची सवलत 30 किंवा त्याहून अधिक आसने असलेल्या उपाहारगृहांनाच आहे. आणखी दोन खुर्च्या टाकून ती पदरात पाडून घ्यावी असे आपल्या मनात आले असेल, तर एवढे ध्यानात घ्यावे की ती जागा चारही बाजूंनी भिंती असलेली, आपोआप मिटणाऱ्या दाराची आणि आतली हवा थेट बाहेर टाकणारी असावी लागते, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर तेथे पाण्याचा ग्लाससुद्धा नेऊन देता येत नाही. ग्राहकाने पेला टेबलावर ठेवून आत जायचे, ओढून परत यायचे. धंद्याच्या हिशेबात ती जागा फुकटच जाते.

आता कायदा बाजूला ठेवून आपल्या मूळ मुद्द्याकडे येतो. मर्जीचा मुद्दा मला ग्राहकापुरता मान्य आहे. आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या फुफ्फुसांचे काय करावे, हे सांगायला सरकारने येऊ नये, असे म्हणता येईल. परंतु त्या खोलीत दहा-दहा तास वावरणारा वेटर आपण हिशेबात धरलेलाच नाही. हा मुलगा बहुधा परगावचा असतो, खानावळ आपल्याच भटारखान्यात, झोपणे आपल्याच माळ्यावर. नोकरी सोडायची तर त्याला जेवण आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी सोडावे लागते. त्याला दुसरी वाट मोकळी आहे, असे आपण म्हणू शकाल काय?

दुसऱ्याच्या धुराने माणूस आजारी पडतो, ही केवळ शंका उरलेली नाही. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने 1981 मध्ये दाखवून दिले की स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण ज्यांचे पती भरपूर सिगारेटी ओढत अशा स्त्रियांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार परक्या धुरामुळे जगात दरवर्षी 12 लाखांहून अधिक माणसे दगावतात.

आयर्लंडचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तेथे पब म्हणजे गावाची चावडी, तरीही 29 मार्च 2004 पासून पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद झाले, आणि बंदीचे समर्थन करताना पिणाऱ्याच्या प्रकृतीपेक्षा कामगाराच्या सुरक्षिततेवर भर देण्यात आला. डब्लिनच्या 42 पबमध्ये बंदीपूर्वी व बंदीनंतर हवेची मोजणी झाली, तेव्हा सूक्ष्म धूलिकण 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. तेथील धूम्रपान न करणाऱ्या कामगारांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइडही बरेच उतरले. आपला एग्झॉस्ट पंखा हे काम करणार नाही. तो वास कमी करतो आणि डोळ्यांची चुरचुर थांबवतो, त्यामुळे हवा स्वच्छ झाल्याचा भास होतो; पण धूर पंख्यापर्यंत पोहोचण्याआधी मधल्या टेबलांवरून आणि ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या नाकासमोरूनच जातो.

गिऱ्हाईक तुटेल ही आपली धास्ती मी समजू शकतो. तथापि 2016-17 च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे जेमतेम 4 टक्क्यांच्या आसपास होते (तंबाखू खाणारे मात्र जवळपास पाव हिस्सा, पण त्यांचा उपद्रव आपल्या वॉश बेसिनला). बारमधील प्रमाण याहून जास्त असणार, हे उघड आहे. तरीही सहा जणांच्या टेबलावर दोघे ओढत असतील, तर उरलेल्या चौघांना काय हवे, हे आपण कधी विचारून पाहिले आहे का?

प्रश्न : आमच्या भागातील एका बारमध्ये ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी आहे आणि तिच्याखालीच लोक ओढत बसतात. मॅनेजरला सांगितले, तर तो म्हणतो, “पोलिसांना सांगा.” मग बंदीचा उपयोग काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मॅनेजरला कायदा ठाऊक नाही, किंवा फार चांगला ठाऊक आहे. मध्यंतरी एका परमिट रूममध्ये मी ॲशट्रे मागून पाहिला. वेटरने अदबीने सांगितले, “ॲशट्रे ठेवत नाही साहेब, नियम आहे,” आणि ओला टिश्यू पेपर घातलेली स्टीलची वाटी समोर आणून ठेवली. नियम वाचलेल्या माणसाचीच ही युक्ती होती, कारण 2008 च्या नियमांनी ॲशट्रे, काडेपेटी, लायटर यांच्याबरोबरच धूम्रपानास सोयीची कोणतीही वस्तू पुरवण्यास मनाई केलेली आहे. ओल्या टिश्यूची वाटी त्यातून सुटत नाही.

आपल्या मॅनेजरचे उत्तर त्याच्यावरच उलटणारे आहे. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव जागेच्या चालकाने लावणे बंधनकारक आहे आणि तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके जण ओढत होते तितका दंड त्याच्या माथी बसतो. खरी पंचाईत आहे ती दंडाच्या रकमेची. कमाल 200 रुपये हा आकडा 2003 पासून जागचा हललेला नाही. दहा जणांचे दोन हजार भरून मालक रात्रीचा गल्ला सुखाने मोजू शकतो. 2021 च्या आरंभी केंद्राने दंड 2,000 रुपयांवर नेणारा आणि उपाहारगृहांतील धूम्रपानाच्या खोल्याच बंद करणारा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. हुक्क्याच्या बाबतीत मात्र सरकार हलले, तेही डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिलमधील, हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आलेल्या आगीत 14 जण गेल्यानंतर. 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणून किमान एक वर्ष कैदेची तरतूद केली. सिगारेटच्या धुराने माणसे एका रात्रीत मरत नाहीत, म्हणून तिच्या वाट्याला 200 रुपये राहिले आहेत.

पुढच्या वेळी आपण तक्रार लेखी द्या, खाली वेळ आणि ओढणाऱ्यांची संख्या लिहा, आणि एक प्रत दुसऱ्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातही नेऊन द्या. पोहोच घेतल्याशिवाय तेथून उठू नका.