पर्वरीत राहून खाडीत वल्हवायला कयाक घ्यायचाय. कोणता घेऊ?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गाडी हॅचबॅक, वजन 82 किलो. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी म्हापसा नदीत आणि चोडणच्या बाजूच्या खाडीत जाणार, वर्षातून तीन-चारदा पाळोळ्याला, आणि अधूनमधून नऊ वर्षांची मुलगी सोबत. फुगवायचा, आत बसायचा 10 फुटी की 16 फुटी समुद्री, यांत तुमचं ठरत नाहीये.

मी तिन्ही घेणार नाही. 12 फुटांच्या आसपासचा, 28 ते 30 इंच रुंद, वर बसायचा (सिट-ऑन-टॉप) एकेरी कयाक घ्या. अट एकच, सोसायटीत तळमजल्यावर, सावलीत ठेवायला जागा मिळाली पाहिजे. 25 किलोचं 12 फुटी धूड जिन्यावरून दर आठवड्याला उतरवणं दोन महिन्यांच्या पुढे होत नाही, मग बोट पडून राहते. आधी सोसायटीशी बोला, मग दुकानात जा.

लांबी ठरवताना परतीचा विचार करा. खाडीत ओहोटीचं पाणी अरुंद जागी ताशी 3 किलोमीटरने सहज ओढतं. दमछाक न होता 10 फुटी रुंद कयाक ताशी साडेचार किलोमीटर चालतो, 12 फुटी 5, आणि 16 फुटी 6. प्रवाहाविरुद्ध 3 किलोमीटर परत यायचं असेल तर पहिल्याला दोन तास लागतात, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला एक. शांत पाण्यात किरकोळ वाटणारा अर्ध्या किलोमीटरचा फरक इथे अर्ध्या तासाचा होतो. मग 16 फुटी का नको? तो 22-24 इंच रुंद असतो, नवख्याला डळमळीत वाटतो, खारफुटीतल्या अरुंद फाट्यांत वळत नाही, आणि उलटल्यावर त्यात परत बसायला शिकावं लागतं. तुमचं बहुतेक वल्हवणं ज्या पाण्यात आहे त्यासाठी बोट घ्या. वर्षातल्या चार दिवसांसाठी घेऊ नका.

आत बसायचा 10 फुटी स्वस्त मिळतो आणि दिसायला नेटका असतो. पण अशा बऱ्याच बोटींत पुढे-मागे पाणी अडवणाऱ्या भिंती नसतात. उलटली की दीडशे लिटरहून जास्त पाणी आत शिरतं, आणि पाण्याने भरलेली ती बोट खोल पाण्यात एकट्याला रिकामी करता येत नाही. थंड प्रदेशात अंग कोरडं ठेवायला आत बसतात, आपल्याकडे पाणी कोमट, ती गरजच नाही. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी तळातल्या आरपार भोकांतून आपोआप निघून जातं. उलटलात तर बोट सरळ करा, मधल्या भागावर पोटावर आडवे चढा, मग वळून बसा. पहिल्याच आठवड्यात कंबरभर पाण्यात हे दहा वेळा करा. लाइफ जॅकेट घालूनच, कारण अडचण येते ती जॅकेट घालून चढताना.

तळाचा आकार हात फिरवून बघा. सपाट तळ बसल्याबसल्या स्थिर वाटतो, पण आडव्या लाटेबरोबर तोही झुकतो. किंचित इंग्रजी व्ही आकाराचा तळ आधी थोडा हलतो, मात्र रेषेत चालतो आणि झुकल्यावर एका ठिकाणी धरतो. तुम्हाला तोच हवा. मागे खाली सोडता येणारं पातं असेल तर उत्तम, कारण बाजूने वारा लागला की चालत्या बोटीचं नाक वाऱ्याकडे वळतं आणि तुम्ही एकाच हाताने वल्हवत बसता. पातं थोडं खाली सोडलं की बोट सरळ होते. उथळ चिखलात ते वर घ्यायला विसरू नका. खोबणीत चिखल वाळला की पातं अडकतं.

वजनक्षमतेचा आकडा लिहिलेला असतो, त्याच्या सत्तर टक्केच धरा. तुम्ही 82, पाणी-सामान 8, म्हणजे 90 किलो. लेबलवर किमान 130 हवेत. मुलगी साधारण 28 किलोची धरली तर एकूण 118, त्याला जवळपास 169 ची बोट लागेल, म्हणजे एकेरीत तिला पुढे बसवणं योग्य नाही. बोट खाली बसते, भोकांतून पाणी वर येतं. निम्म्याहून जास्त फेऱ्यांना ती येणार असेल तर 12-13 फुटी दुहेरी घ्या, ज्यात मधेही बैठक असते आणि एकट्याला मधे बसून चालवता येतं. वजन मात्र 30 ते 36 किलो. ती कधीतरीच येणार असेल तर त्या दिवशी दुहेरी भाड्याने घेणं परवडतं.

तळमजल्यावर जागा मिळालीच नाही तर फुगवायचा घ्या, पण तळ तरी कडक फुगणारा (ड्रॉप-स्टिच) असावा. इथल्या खाडीत त्याचा खरा शत्रू कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. पुलाचे खांब, जुन्या जेट्टीच्या पायऱ्या, जांभ्याची खडपं, सगळ्यांवर कालवांच्या धारदार कडा असतात आणि ओहोटीला त्या नेमक्या बोटीच्या उंचीला येतात. त्यामुळे अर्ध्या भरतीच्या वरच उतरा-चढा. उन्हात काठावर ठेवताना थोडी हवा सोडा, हवा तापून दाब वाढला की शिवण उसवते. घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका. दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरते.

वेळ साधली तर साधी बोटही चांगली चालते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा अंदाज झाला, मुरगावच्या भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघा आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा येते हे लक्षात ठेवा. भरतीबरोबर आत जा, ओहोटी लागली की बाहेर या. उधाणाच्या दिवशी पाणी जोरात ओढतं, सुरुवात भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या दिवसांत करा. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधात मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) असेल तिथून लांब राहा, दार उघडं असताना पाणी बोटीला फळ्यांवर दाबून धरतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे वर बसायच्या बोटीतून पाय पाण्यात सोडू नका.

दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि मांडवीत वर शिरतात. त्याच वेळी ओहोटी बाहेर निघत असेल तर पणजीपासून मिरामार-आग्वादपर्यंत आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या वेळी मुखाकडे 12 फुटी बोट नेऊ नका. पाळोळ्याला उलट काळजी. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहतात, उपसागर आरशासारखा दिसतो आणि बोट हळूहळू बाहेर सरकते. जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट येण्यासाठी ठेवा. जून ते सप्टेंबर समुद्रात जाऊच नका.

रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. बार्जवरून हिरवा-निळा कयाक दिसत नाही. वल्हं 30 इंची बोटीला 230 सेंटिमीटर. आखूड घेतलंत तर बोटीच्या कडेवर बोटं घासतात. टपावर बांधताना साधी बकल असलेले पट्टे वापरा, रॅचेटने (दातेरी चाकाच्या पट्ट्याने) आवळलं तर उन्हात मऊ झालेलं प्लॅस्टिक आत दबतं. ठेवताना कुशीवर किंवा पालथा ठेवा.

वापरलेला बघणार असाल तर पालथा करून तळातल्या प्रत्येक भोकाच्या कडेवर नखं फिरवा. ट्रॉलीच्या दांड्या या भोकांत खुपसून ओढतात, म्हणून पहिली चीर तिथेच जाते आणि ती केसाएवढी बारीक असते. मग झाकण उघडून आत बादलीभर पाणी ओता, बोट दोन्ही बाजूंना झुकवा, पाच मिनिटं थांबा आणि बाहेरून भोकांभोवती कोरडं फडकं फिरवा. फडकं ओलं झालं तर ती बोट सोडून द्या. तिथे लावलेलं डिंकाचं ठिगळ पॉलिथिनला धरत नाही आणि जोडायला प्लॅस्टिक वेल्डिंगच लागतं.