क्लॉक निम्मा केला, तरी होल्ड हलेना

प्रश्न : एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी छोट्या प्रोसेसर चिपचं प्लेस अँड राउट (भाग बसवून वायरिंग) केलं. होल्डचे (क्लॉकच्या ठोक्यानंतर जुना डेटा पुरेसा टिकतो का, या तपासणीचे) सगळे पाथ पास होते. क्रॉसटॉक (शेजारच्या वायरींचा परिणाम) धरून टायमिंग पुन्हा काढलं, तर एका फ्लॉपवर (ठोक्याला डेटा पकडून ठेवणाऱ्या घटकावर) शिल्लक उणे ९ पिकोसेकंद आली. गाइड सर म्हणाले, फ्रिक्वेन्सी उतरवा. ५०० मेगाहर्ट्झची २५० केली, आकडा तोच. वायर तर एकही हलवलेली नाही! रिपोर्ट सोबत जोडला आहे.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सरांचा उपाय सेटअपचा आहे. तिथे डेटा क्लॉकच्या पुढच्या एजच्या (ठोक्याच्या) आत पोचायचा असतो. पीरियड २००० पिकोसेकंदांचा ४००० झाला की सवड मिळते. होल्ड त्याच एजवर तपासतात. तुमच्याच रिपोर्टातले आकडे घ्या. क्लॉक-टू-क्यू (क्लॉक आल्यापासून फ्लॉपचं आउटपुट बदलेपर्यंतचा वेळ) ४० पिकोसेकंद, पुढची वायर २५, म्हणजे नवा डेटा ६५ ला हजर. पकडणाऱ्या फ्लॉपला क्लॉक २० उशिरा मिळतो, होल्डची मागणी ३०; म्हणजे जुना डेटा ५० पर्यंत टिकायला हवा. शिल्लक १५. यात पीरियड आहे कुठे? म्हणूनच सेटअप फसलेली चिप निदान सावकाश चालवता येते, होल्ड फसलेली नाही.

आता ते १५ गेले कुठे? हल्लीच्या वायरी रुंदीला कमी, उंचीला जास्त. त्यामुळे कपॅसिटन्सचा मोठा वाटा शेजारणीशी असतो. शेजारीण त्याच दिशेने बदलली की तुमची वायर लवकर पोचते, उलट बदलली की रखडते. टूल दोन्हीकडून वाईटच धरतं. डेटा १० लवकर आला, म्हणजे ५५. क्लॉक १४ उशिरा, म्हणजे ३४ आणि ३० मिळून ६४. झाले उणे ९.

लगेच डिले बफर (डेटा मुद्दाम उशिरा पोचवणारा घटक) टाकू नका. मला ते क्लॉकवरचे १४ जास्त खुपतात, कारण त्या नेटवर (वायरवर) इतरही फ्लॉप असणार. आधी ॲग्रेसर, म्हणजे धक्का देणारी शेजारची वायर, कोण ते बघा. तो टेस्ट क्लॉकचा (चिपच्या चाचणीपुरत्या क्लॉकचा) निघाला तर एसडीसी (टूलला क्लॉकचे नियम सांगणारी फाइल) उघडा. फंक्शनल आणि टेस्ट क्लॉक एकाच पिनवर आळीपाळीने येत असतील आणि तुम्ही त्यांना नुसतं असिंक्रोनस (वेळेचं नातं नसलेले) लिहिलं असेल, तर टूल म्हणतं, हा केव्हाही बदलेल, आणि पुरता धक्का लावतं. तिथे फिजिकली एक्सक्लुझिव्ह (दोन्ही एका वेळी कधीच नसतात) हवं. (रिपोर्ट हिरवा करायला मात्र हे लिहू नका. मी असे महाभाग पाहिलेत.)

ॲग्रेसर खरा असेल तर क्लॉक नेटला दुप्पट स्पेसिंग किंवा दोन्ही बाजूंनी ग्राउंडचं शील्ड, आणि पुन्हा राउट. तरीही काही उरलंच तर बफर, तोही पकडणाऱ्या फ्लॉपच्या डी (डेटा) पिनपाशी. मग स्लो कॉर्नरला (चिप सर्वांत संथ चालेल अशा परिस्थितीत) सेटअप पुन्हा तपासा. तो बफर तिथे जास्त वेळ खातो.

आणि २५० मेगाहर्ट्झचा रिपोर्ट फेकू नका. दोन्ही फ्रिक्वेन्सींचा तक्ता प्रबंधात लावा, सरांनाही दाखवा. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक हेच विचारतात.