थरथर थांबते, हीण उरतं: थंडगार धातूंविषयी वाचकांचे प्रश्न

धातू थंड केला की त्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, कमी होतो. मग निरपेक्ष शून्य तापमानाला, म्हणजे शून्य केल्विन किंवा सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसला, तांब्याची तार अगदी बिनरोधाची होईल का?

नाही. इलेक्ट्रॉन अणूंवर आपटत जातात, हे चित्र आधी मनातून काढून टाका. अणू ओळीने नीट बसलेले असतील तर इलेक्ट्रॉनची लाट त्यांच्यामधून विनासायास जाते. ओळ बिघडली की ती विखुरते. ओळ बिघडवतात दोन गोष्टी: अणूंची थरथर, आणि धातूतलं हीण, म्हणजे परके अणू, रिकाम्या जागा, तार ओढताना पडलेले दोष. थंडीचा इलाज फक्त थरथरीवर चालतो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, तांब्याचा रोध साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. द्रवरूप हेलियममध्ये, ४.२ केल्विनला, नेहमीच्या तारेचा रोध पन्नास-शंभर पटींनी घटतो, अतिशुद्ध तांब्याचा हजार पटींहूनही जास्त. पुढे कितीही गार करा, तो तिथेच अडतो. हा अवशिष्ट रोध. खोलीच्या तापमानाचा रोध भागिले हा रोध, एवढ्यावरून धातू किती निर्मळ आहे ते कळतं. रासायनिक पृथक्करण न करता, नुसत्या दोन मोजमापांत! मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

इतक्या थंडीत इलेक्ट्रॉनच गोठतील, असं पूर्वी मानत होते का?

हो, लॉर्ड केल्विन यांचा तसा तर्क होता: इलेक्ट्रॉन अणूंना चिकटतील आणि रोध अनंत होईल. १९०८ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांनी हेलियम द्रवरूप केला आणि हा तर्क तपासता आला. प्लॅटिनम आणि सोन्याचा रोध वाढला नाही, एका पातळीवर स्थिरावला. हीण आडवं येतंय हे ओळखून त्यांनी पारा घेतला, कारण तो ऊर्ध्वपातनाने फार शुद्ध करता येतो. एप्रिल १९११ मध्ये ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा रोध एकदम नाहीसाच झाला. पण ती किमया शुद्धतेची नव्हती. अशुद्ध पाराही तसाच वागतो. ती अतिसंवाहकता, निराळीच अवस्था.

तांबं इतकं उत्तम वाहक, तरी अतिसंवाहक होत नाही. शिसं मात्र होतं. का?

ज्या कारणाने तांबं उत्तम वाहक आहे, त्याच कारणाने. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अणूंच्या जाळीच्या मध्यस्थीने जुळतात. शिशात इलेक्ट्रॉन आणि जाळी यांचं नातं घट्ट असतं. म्हणून उबेत ते वाईट वाहक, आणि ७.२ केल्विनखाली अतिसंवाहक. तांबं, चांदी, सोनं यांत हे नातं सैल असतं.

काही धातूंचा रोध थंडीत उलट वाढतो, हे खरं का?

खरं आहे. सोन्यात ते १९३४ मध्ये दिसलं आणि तीस वर्षं कोडंच राहिलं. १९६४ मध्ये जुन कोंडो यांनी ते सोडवलं. दोषी ठरले लोखंडासारख्या चुंबकीय हिणाचे मोजके अणू. त्यांच्याशी गाठ पडली की इलेक्ट्रॉनचं स्पिन, म्हणजे त्याच्या इवल्याशा चुंबकाची दिशा, उलटू शकतं, आणि तापमान उतरेल तसं हे विखुरणं जोर धरतं.

एमआरआयच्या चुंबकात अतिसंवाहक तारेभोवती तांबं कशाला?

ही अतिसंवाहक तार नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची असते; तिचा एखादा बिंदू जरी तापला तरी तिथली अतिसंवाहकता जाते. तेवढ्यापुरता प्रवाह तांब्यातून वळतो, आणि तार जळण्यापासून वाचते. अर्थात त्या तांब्यात हीण जितकं कमी, तितकी ही वाट मोकळी.